आमची वाटचाल : मोटार वायंडिंगच्या दुकानापासून गावाच्या पाण्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या बाजारपेठेत आमच्या व्यवसायाची सुरुवात मोटार वायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत तार पुन्हा भरण्याच्या, एका लहान दुकानाने झाली. केळापूर, झरी जामणी, मारेगाव आणि घाटंजी या तालुक्यांतील शेतकरी जळालेल्या पाणबुडी मोटारी आमच्याकडे आणत आणि त्यांच्यासोबत ग्रामपंचायतींच्या नळयोजनांच्या मोटारीही येत. विजेचा दाब कमी पडला की मोटार जास्त प्रवाह ओढते, तारा तापतात आणि वायंडिंग जळते. शेतकऱ्याची मोटार जळली तर तो दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात उभा असतो. पंचायतीची मोटार मात्र ठराव, खर्चाची मंजुरी आणि सह्या यांची वाट पाहत पडून राही, आणि तेवढे दिवस गावातील बाया डोक्यावर पाण्याचे गुंड (हंडे) घेऊन हापशीच्या किंवा शिवारातील विहिरीच्या फेऱ्या करीत. कधी मोटार चांगली असे, पण वीजबिल थकल्याने जोडणीच तोडलेली असे. हे वर्षानुवर्षे पाहिल्यावर आम्ही सौर पंपांच्या कामाकडे वळलो.

पिण्याच्या पाण्याला सौरऊर्जा विशेष सोयीची आहे, कारण दिवसा पाणी उपसून टाकीत साठवले की बॅटरीची गरज उरत नाही. आपल्याकडील दुहेरी पंप योजनेत एकाच बोअरमध्ये हातपंपही राहतो आणि सौर पंपही बसतो, त्यामुळे श्रावणात आभाळ भरून राहिले तरी वस्ती कोरडी पडत नाही. अशा योजनेत बहुधा 5000 लिटरची टाकी असते. जलजीवन मिशनच्या माणशी दररोज 55 लिटर या मापाने ती सुमारे 90 माणसांना पुरते, म्हणजे एखाद्या लहान कोलाम पोडाची (कोलाम आदिवासींच्या वस्तीची) गरज त्यात भागते.

पंप बसवण्यापूर्वी पाणी तपासायचे, ही आमची पहिली अट आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे मोठ्यांची हाडे व सांधे आखडतात. या पाण्याला वास नसतो, रंग नसतो आणि चवीतही फरक कळत नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते, आणि काळजीपोटी पाणी उकळून पाजणाऱ्या आईला हे समजावून सांगणे हे आमच्या कामातील सर्वांत जड काम आहे.

म्हणून तपासणी आम्ही गावासमोर करतो. शाळेच्या ओट्यावर प्रत्येक बोअरचे आणि विहिरीचे पाणी वेगवेगळ्या नळीत घेऊन त्यात तपासणी संचातील द्रावणाचे थेंब टाकले जातात. फ्लोराइड जितके जास्त, तितका द्रावणाचा गुलाबी रंग उडून पिवळा होतो. नळ्या रंगतक्त्याशेजारी धरल्या की कोणत्या घराजवळच्या हापशीचे पाणी कसे आहे, हे न वाचता येणाऱ्या आजीलाही दिसते. त्यानंतर सभेतील बोलणे बदलते, आणि टाकी कोणाच्या दारात यावी यापेक्षा पाणी कोणत्या विहिरीचे घ्यावे, हा विषय पुढे येतो. संचाचा आकडा अंदाजे असतो, त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय आम्ही आराखडा करीत नाही.

यंत्र विकणे हा आमचा धंदा असला तरी सुरक्षित पाणी जवळ असेल तर गाळणी घेऊ नका, असेच आम्ही सांगतो. अनेकदा खोल बोअरचे पाणी वाईट असते, पण नाल्याकाठच्या उथळ विहिरीचे फ्लोराइड मर्यादेत निघते. अशा विहिरीला कठडा व झाकण करून, सौर पंपाने पाणी टाकीत चढवून आणि नियमित टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकून काम होते. शेवटच्या नळावर उरलेला क्लोरीन लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम मिळाला पाहिजे, एवढे मात्र रोज पाहावे लागते. दुसरा उपायच नसेल तेथे आम्ही सक्रिय ॲल्युमिनाची, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, गाळणी बसवतो. तिचे माध्यम काही काळाने भरून जाते आणि ते आधी कॉस्टिक सोड्याने, मग आम्लाने धुवावे लागते. हे धुवण गावाजवळ ओतले तर काढलेले फ्लोराइड पुन्हा जमिनीत जाईल, म्हणून हे काम आम्ही गावावर टाकत नाही. भरलेले माध्यम आमच्या शेडमध्ये आणतो.

योजना टिकते की बंद पडते, हे पहिल्या बिघाडाच्या वेळी ठरते आणि त्या वेळी गावाच्या खात्यात पैसे असावे लागतात. म्हणून गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे खाते चालू झाल्याशिवाय आणि ग्रामसभेत पाणीपट्टीचा ठराव झाल्याशिवाय आम्ही साहित्य उतरवत नाही. महिन्याला पट्टी मागण्याची कागदी पद्धत आमच्या भागात चालत नाही, कारण येथे हातात पैसा येतो तो दिवाळीनंतर कापूस विकल्यावर. झरी जामणी तालुक्यातील एका पोडावर बचत गटाच्या महिलांनी वर्षाची पट्टी कापसाच्या हंगामात एकदाच घ्यायचे ठरवले आणि ज्या घरी शेती नाही त्या घराने टाकी व पॅनेल धुण्याचे काम करावे, असा तोडगा काढला. तो आम्ही आता प्रत्येक गावात सांगतो. त्याच पोडावरील एक ताई मल्टिमीटर लावून पॅनेलच्या विजेचा दाब मोजतात, वहीत लिहितात, आणि दोष पॅनेलचा की कंट्रोलरचा (पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणाऱ्या पेटीचा) हे आम्हाला फोनवर सांगतात. त्यामुळे आमचा माणूस योग्य तो सुटा भाग घेऊनच निघतो.

कंट्रोलर हाच सर्वांत आधी जाणारा भाग आहे, विशेषतः मृगाच्या विजांत, म्हणून अर्थिंग आणि वीजरोधकात आम्ही काटकसर करू देत नाही. मे महिन्यात ऊन भरपूर असले तरी पॅनेल तापल्याने वीज कमी मिळते, आणि वानरांच्या टोळ्यांपासून काचा जपाव्या लागतात.

सरकारी कामांची देयके अनेकदा फार उशिरा मिळतात आणि तेवढा काळ कारागिरांचे पगार भागवणे आमच्यासारख्या लहान व्यवसायाला कठीण जाते. वायंडिंगचे दुकान आजही चालू आहे आणि अशा महिन्यांत त्याचाच आधार असतो.

ज्या गावांना आमच्याकडून पाण्याची प्राथमिक तपासणी हवी असेल, त्यांनी प्रत्येक स्रोताचे एक लिटर पाणी स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत आणावे. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही. बाटलीवर बोअरचे किंवा विहिरीचे ठिकाण, खोली आणि तारीख लिहावी. सोबत सरपंचांच्या बरोबरीने समितीतील किमान एका महिलेने यावे, ही विनंती.