आईच्या ओव्या

आज संध्याकाळी आईचा आवाज पुन्हा ऐकला.

२०१४ साली तिच्या जात्यावरच्या ४३ ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. सगळ्या एकाच हार्ड डिस्कवर. ती गेल्या आठवड्यात लावली तर नुसती टक्-टक्. घाबरून मी चार-पाच वेळा काढून पुन्हा लावली. तेच करायचं नव्हतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या दादांनी समजावलं. आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. हेड बिघडलं की दर वेळी वीज दिल्यावर ओरखड्याची भीती. त्यांनी आधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवलं, धूळविरहित खोलीत. मग एकही फाइल न उघडता सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एकेक छोटा कप्पा, नव्या डिस्कवर उतरवला; जिथे अडलं तो भाग सोडून पुढे, आणि शेवटी परत त्याच्याकडे. चार दिवस लागले. किती धीराचं काम आहे हे!

३८ ओव्या मिळाल्या. गेलेल्यांत माझ्या जन्माची ओवी होती, मला ती अर्धीच आठवते. मावशीला फोन केला. "मला येते की गं," म्हणाली.

रविवारी तिच्याकडे जातेय. रेकॉर्डर आणि दोन डिस्क घेऊन.