बाबांचे जुलाब जुलाब नव्हतेच (माझा अनुभव)

बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे, सहा वर्षं झाली. बद्धकोष्ठ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून, हात थरथरायच्याही आधी, पण त्याचा या आजाराशी संबंध असतो हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक असणार.

मागच्या पावसाळ्यात आठ दिवस संडासच नाही, आणि मग एकदम पातळ सुरू झालं, दिवसातून सहा-सात वेळा, कळायच्या आत लेंगा खराब. मी मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणून दिली. चूक माझीच, अजून मनाला लागतं. त्यातच लघवी थेंब थेंब, सारखी. आई म्हणाली, अगं होतेय ना, मग झालं तर. तिसऱ्या रात्री बाबा ओटीपोट धरून कळवळायला लागले, हात लावला तर टणक, फुगलेलं. तशीच रिक्षा काढली.

डॉक्टरांनी आधी बोटाने तपासलं, आत मळाचा दगडासारखा गोळा. वरचं पातळ तेवढं त्याच्या कडेने झिरपत होतं आणि आम्ही त्याला जुलाब समजत होतो! लघवीचंही तेच. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला तर त्याला जोडलेल्या पिशवीत १२०० मिली, एरवी ४००-५०० ला माणसाला धीर धरवत नाही. म्हणजे ती होत नव्हती, भरून सांडत होती. डॉक्टर म्हणाले या आजारात आतड्याची हालचालच मंदावते, त्यात तो गोळा लघवीच्या वाटेवर दाबतो, आणि कंपासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल आणि बाबांनी आपली आपणच घेतलेली सर्दीची गोळी, दोन्हींनी मूत्राशयही सुस्त होतं आणि आतडंही.

दोनदा एनिमा, मग रोज पोट साफ व्हायची पावडर पाण्यातून. कॅथेटर नऊ दिवस. पिशवी कायम कमरेच्या खाली पण जमिनीला टेकवायची नाही, मी एकदा उठवताना वर धरली तर सिस्टर ओरडल्याच, लघवी उलटी आत जाते म्हणून. बाबांना फार लाज वाटायची, कुणी आलं की पिशवीवर टॉवेल टाकायला लावायचे. दहाव्या दिवशी सकाळी काढला, चार तास काहीच नाही, माझा जीव टांगणीला, मग २०० मिली झाली आणि सोनोग्राफीत मूत्राशयात मागे ६० मिली उरलेली दिसली. चालेल म्हणाले.

न्यूरोच्या डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू कमी करत बंद केली. पोट साफ नसलं की लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, तीही नीट लागू पडत नाही हेही त्यांनीच सांगितलं, तेव्हा कुठे कळलं त्या आठवड्यात बाबांचे पाय एवढे का अडखळत होते.

आता कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी बाबांच्या संडासच्या फुल्या असतात. पातळ झालं की गोळी शोधायच्या आधी मी मागच्या किती चौकोनात फुली नाही ते मोजते.