तुम्ही विचारलंत म्हणून: नवशिक्यानं ट्रॅकवर जावं का?

बाईकचा विषय निघाला की मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, चाळिशी ओलांडल्यावर हे खूळ कुठून डोक्यात शिरलं? तो मी हसण्यावारी नेते. दुसरा प्रश्न खरा असतो, आणि तो बहुतेकदा नव्यानं गाडी हातात घेतलेली माणसंच विचारतात: "तुम्हाला धड वळणं घेता येत नव्हती म्हणता, मग एकदम रेस ट्रॅकवर कशा गेलात? आणि जाऊन उपयोग काय? रस्त्यावर थोडंच कुणी तसं चालवतं?"

वळणं येत नव्हती म्हणूनच तर गेले. सरळ रस्त्यावर मला काही अडचण नव्हती. क्लच, गिअर, सिग्नलला थांबणं, चढावर गाडी उचलणं हे सगळं अंगवळणी पडलं होतं. पण पुढचं टोक न दिसणारं वळण आलं की खांदे कानांपर्यंत चढायचे आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवेपर्यंत माझा वेग उतरलेला असायचा. महिनोन् महिने चालवूनही त्यात फरक पडेना, कारण रस्त्यावर एक वळण एकदाच येतं. ते कसं गेलं हे कळायच्या आत पुढचं येतं आणि ते वेगळंच असतं. उतार वेगळा, डांबर वेगळं, समोरून ट्रक. नीट गेलं तर का गेलं आणि बिघडलं तर कशानं बिघडलं, हे ताडून पाहायची सोयच नाही. ट्रॅकवर तेच वळण दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा समोर येतं. गाण्याच्या रियाजात एकच पलटा घोटत बसावं तसं ते घोटता येतं. या फेरीला फक्त नजर बदलून बघा, पुढच्या फेरीला फक्त ब्रेक थोडा आधी सोडून बघा. मला जे काही मिळालं ते या पुन्हापुन्हा येण्यातून मिळालं. वेगाचा त्यात फारसा हात नाही.

ट्रॅक डे, म्हणजे आपण गाडी घेऊन रेस ट्रॅकवर चालवायला जातो तो दिवस, ही शर्यत असते हा गैरसमज आधी काढून टाका. तिथं नंबर काढत नाहीत. कित्येक ठिकाणी नवशिक्यांना फेरीची वेळ मोजायला घड्याळ लावायलासुद्धा बंदी असते. वेगाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीनं १५-२० मिनिटं ट्रॅकवर सोडतात. नव्यांच्या गटात ओव्हरटेक बहुधा फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुरेसं अंतर ठेवून. सकाळी गाडीची तपासणी होते: ब्रेक, चेन, टायर, कुठं तेल गळतंय का. रेडिएटरमधलं नेहमीचं कूलंट काढून साधं पाणी भरायला लावतात, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्याच्या चाकाखाली साबण पसरल्यासारखं होतं. मग झेंड्यांची उजळणी. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, जपून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, या. काळा तुमच्याकडे रोखून दाखवला तर तुम्हालाच बोलावलंय. गाडीतून काहीतरी गळत असेल किंवा तुम्ही काहीतरी आगाऊपणा केला असेल.

आणि आरशांवर टेप चिकटवतात, नाहीतर आरसेच काढून ठेवतात. मला हे ऐकून धडकीच भरली होती. पण नियम असा की मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळून जायचं. पुढच्यानं आपली रेघ, म्हणजे ट्रॅकवरून जायची आपली वाट, सोडून कुणाला वाट द्यायला जायचं नाही. हे खरं आहे अशी खात्री पटायला मला अख्खं एक सत्र लागलं. तोवर मागचा वैतागला असेल या विचारातच माझं निम्मं डोकं गुंतलेलं होतं. ते सुटल्यावर जे डोकं मोकळं झालं, ते पहिल्यांदाच पूर्णपणे वळणाच्या कामी आलं. रस्त्यावर आपण गाडी चालवण्यापेक्षा मागच्यांची मर्जी किती सांभाळतो, हे तिथं लख्ख दिसलं. बायकांना तर जरा जास्तच, असं माझं मत आहे.

पहिलं सत्र प्रशिक्षकाच्या मागोमाग रांगेत, रमतगमत. तरीही उतरले तेव्हा दोन्ही मनगटं दुखत होती. आमच्या प्रशिक्षकानं ते बघितलं आणि पॅडॉकमध्येच, म्हणजे पिटमागच्या मोकळ्या जागेत, मला बंद गाडीवर परत बसवलं. पुढचं चाक त्यानं पायात घट्ट धरलं. म्हणाला, "आता वळणात असल्यासारख्या पुढं वाका. वाकलात? दोन्ही हात हँडलवरून उचला."

मी हात उचलले आणि टाकीवर आपटले.

"म्हणजे एवढं सगळं वजन तुम्ही हँडलवर टाकून चालवत होतात," तो म्हणाला. मग त्यानं गुडघे टाकीला कसे आवळायचे, टाच फूटपेगवरून, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवरून, मागं कशी सरकवायची, पोटाचा स्नायू कुठं धरायचा हे एकेक करून दाखवलं. थोड्या वेळानं हात हवेत असतानाही मी वाकलेली राहू शकत होते. "असं बसायचं. हात फक्त सांगायच्या कामाला ठेवा, धरायच्या नाही. वळणात कधीही कोपर हलवून बघा. हललं नाही तर समजा, पुन्हा धरून बसलात."

यामागचं कारण नंतर समजलं. चालती मोटरसायकल स्वतःला बरीचशी सावरत असते. पुढचं चाक बारीक बारीक डावं-उजवं होत तोल राखतं. हँडल आवळून धरलं की हे सावरणं अडतं. शिवाय सायकल असो की बाईक, वेगात असताना उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल क्षणभर पुढं ढकलावं लागतं, म्हणजे चाक किंचित डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बरनं हे सायकलस्वारांच्या बाबतीत टिपलं होतं, आणि डावीकडे कसे वळता असं विचारलं तर कुणालाच ते पहिल्या झटक्यात नीट सांगता येत नाही, असंही त्यानं नोंदवलंय. आपण सगळेच नकळत तसं करतो. पण घाबरलेले दोन्ही हात एकदम ताठ झाले की उजवा ढकलतो आणि डावा त्याला अडवतो. आपल्याला वाटतं, गाडीच वळायला तयार नाही.

लांब सरळ पट्टा संपल्यावर उजवीकडे जाणारं एक मोठं वळण होतं. आत शिरताना त्याचा शेवट दिसत नसे. माझी सगळी भीती तिथं येऊन बसली होती. ट्रॅकवर तीन शंकू ठेवले होते: एक गाडी कलवायला सुरुवात करायची तिथं, एक वळणाच्या आतल्या कडेला, म्हणजे एपेक्सपाशी, आणि एक बाहेर पडायच्या जागी. पहिल्या शंकूपाशी पोचायच्या आत नजर दुसऱ्यावर, दुसऱ्यापाशी पोचायच्या आत तिसऱ्यावर, एवढंच काम. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात गाडी कलली की माझी नजर घसरून पुढच्या चाकासमोरच्या डांबरावर यायची आणि गाडी बाहेरच्या कडेकडे वाहायला लागायची. जिकडे बघाल तिकडे जाल, हे ऐकून माहीत होतं. त्या वळणावर ते फेरीगणिक तपासता आलं. हनुवटी मुद्दाम खांद्याच्या रेषेत वळवून तिसरा शंकू शोधला की गाडी काही न करता आत यायची. नजर खाली गेली की पुन्हा बाहेर. पुढच्या फेरीत पुन्हा आत. अशा किती फेऱ्या गेल्या ते मोजलं नाही, पण एका फेरीत कोपर हलवून बघितलं तर चक्क हलत होतं.

दुसरं सत्र एकाच गिअरमध्ये आणि जवळजवळ ब्रेकशिवाय चालवायला लावलं होतं. हे फार हुशारीचं वाटलं मला. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणाचा वेग आधीच ठरवून थ्रॉटल सोडावा लागतो आणि वळणात मधेच दचकून ब्रेक दाबायची सोय उरत नाही. नवा माणूस आत शिरताना वेगाचा अंदाज चुकवतो आणि मग कललेल्या गाडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबतो. टायरची पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक आणि वळण या दोघांत वाटून घ्यावी लागते. वळणानं बरीचशी घेतलेली असताना ब्रेकनं एकदम हिसका मारला तर पकड संपते.

झुकण्याचं गणितही एकदा कागदावर करून बघा. त्रिज्या ५० मीटर असलेलं वळण ताशी ५० किलोमीटरनं घ्यायला साधारण २२ अंश झुकावं लागतं, ६० नं ३० अंश आणि ७० नं ३८. मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल शर्यतींतले स्वार ६० अंशांपलीकडे झुकतात, ते त्यांच्या टायरांच्या आणि त्यांच्या नशिबाच्या जोरावर. आपल्याला त्यातून घ्यायचं एवढंच की चांगल्या कोरड्या डांबरावर, गरम टायरांवर, आपली गाडी आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त झुकू शकते. वळणात वेग थोडा जास्त झाला तर बहुतेक वेळा उपाय आणखी थोडं झुकणं हा असतो. पण जो कधी २० अंशांपलीकडे गेलाच नाही, त्याचं शरीर ऐनवेळी त्याला तिकडे जाऊ देत नाही. तो गाडी उभी करतो आणि सरळ समोरच्या कठड्यात जातो.

हे मी मनानं सांगत नाही. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्याचा अहवाल १९८१ साली आला. जुना आहे, तरी त्यातली एक गोष्ट अजून बोचते. अपघात टाळायला स्वारांना मिळालेला वेळ बहुधा दोन सेकंदांहून कमी होता, आणि तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवलं, पुढचा पुरेसा वापरलाच नाही, आणि हँडल ढकलून बाजूला निसटणं तर जवळपास कुणालाच जमलं नाही. अपघातापूर्वीचा मध्यक वेग होता ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे शहरातला रोजचा वेग. दोन सेकंदांत विचार करून कुणी काही करत नाही. हाताला जे येतं तेच होतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी पुढचा ब्रेक आधी हळू, मग वाढवत, फॉर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, दबल्यावर जोरात, असा पुन्हा पुन्हा दाबल्यावर तो माझ्या हाताला यायला लागला. आधी त्या लिव्हरची मला धास्ती वाटायची आणि मी मागच्यावरच भागवायचे.

आता तुमचा पुढचा प्रश्न: पडलात तर? माणसं पडतात. आमच्याही दिवशी पडली, पण वरच्या गटातली. तिथं समोरून कुणी येत नाही, कडेला झाड किंवा खांब नसतो, ट्रॅकवर नजर ठेवणारे मार्शल आणि रुग्णवाहिका हजर असते, आणि अंगात चामड्याचा सूट असतो. तरी हाडं मोडू शकतात. गाडीचा नेहमीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरून देत नाही, तेव्हा पॉलिसी आधी वाचा. ज्या गाडीला खरचटलेलं बघवणार नाही ती नेऊ नका. भाड्यानं लहान गाडी मिळाली तर उत्तमच. माझ्याहून निम्म्या ताकदीची गाडी घेतलेली एक मुलगी मला वळणामागून वळण गाठत होती आणि सरळ पट्ट्यावर शांतपणे मागं टाकून जात होती. ताकदीचं कौतुक माझ्या मनातून उतरलं ते तेव्हा.

वळणात गुडघा जमिनीला टेकवण्याबद्दलही तरुण मुलं विचारतात. शरीर आतल्या बाजूला काढलं की तेवढ्याच वेगाला गाडी थोडी कमी झुकवावी लागते, म्हणून ते करतात. १९७० च्या दशकात यार्नो सारिनेन आणि केनी रॉबर्ट्स यांच्यासारख्या स्वारांनी ती ढब रूढ केली. पहिल्या दिवशी त्याच्या मागं लागू नका. फोटो छान येतो, बाकी काही शिकायला मिळत नाही.

कुणी जाऊ नये तेही सांगते. गिअर बदलताना अजून खाली बघावं लागत असेल तर थांबा. आधी मोकळ्या मैदानात ब्रेकचा सराव करा. आणि ट्रॅकवरून आल्यावर घाटात तीच रेघ, तोच वेग शोधायला निघणाऱ्यांनी तर मुळीच जाऊ नये. रस्त्यावर वळणापलीकडे खडी असते, सांडलेलं डिझेल असतं, मधोमध बसलेलं जनावर असतं. मी आता रस्त्यावर आधीपेक्षा थोडी हळूच शिरते. फरक इतकाच की वेग मी ठरवते, भीती ठरवत नाही, आणि बाहेर पडायची जागा दिसेपर्यंत हातात काहीतरी शिल्लक ठेवते.

जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सत्रांच्या मधे तहान नसली तरी पाणी पीत राहा, आणि दमलात असं वाटलं तर शेवटचं सत्र खुशाल सोडा, मी सोडलं. दिवसअखेर हात-डोळे सुस्तावलेले असतात आणि मन मात्र फुशारलेलं. दुसरं म्हणजे टायर. ट्रॅकवर ते तापतात आणि आतला दाब वाढतो, म्हणून हवा सकाळी कमी करून घेतात. त्याच गाडीवर घरी यायचं असेल तर टायर गार झाल्यावर हवा पुन्हा रस्त्याच्या मापाला भरून घ्या. गडबडीत हे राहून जातं.