शर्यत सांध्यांमध्ये असते: माझ्या पहिल्या ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनचा वृत्तांत

पहाटे पाचला ट्रान्झिशन उघडलं, म्हणजे सायकल आणि सामान ठेवायची, एका खेळातून दुसऱ्यात जाताना बदल करायची जागा. शंभर-दीडशे माणसं अंधारात कपाळाला बॅटरी लावून सायकली रॅकला अडकवत होती, पण बोलत जवळपास कुणीच नव्हतं. ऐकू येत होती ती फक्त पंपांची फसफस. डाव्या घोट्याला वेळ नोंदवणारी चिप, दंडावर मार्करने लिहिलेला नंबर आणि समोर तळ्याचं काळं पाणी. आठ महिने तयारी केली होती ती या सकाळसाठी. दीड किलोमीटर पोहायचं, 40 किलोमीटर सायकल मारायची, 10 किलोमीटर धावायचं, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही.

याला ऑलिंपिक अंतर म्हणतात. याच्या निम्मं ते स्प्रिंट: 750 मीटर, 20 किलोमीटर, 5 किलोमीटर. मी आधी दोन स्प्रिंट केल्या होत्या, पण दोन्हींत पोहणं स्विमिंग पूलमध्ये होतं. त्यामुळे तिन्ही खेळ मला बऱ्यापैकी येतात अशी माझी समजूत होती, आणि ती खोटीही नव्हती. कमी पडलं ते एका खेळातून दुसऱ्या खेळात जाणं. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक त्या सांध्यांबद्दल आहे, कारण तयारीच्या तक्त्यांमध्ये त्यांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

रॅकवर माझ्या शेजारी साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. टॉवेल दोनदा दुमडून चाकाशेजारी ठेवला, त्यावर बूट, बुटांत मोजे, हँडलवर उलटं ठेवलेलं हेल्मेट, त्याचे पट्टे दोन्हीकडे उघडे सोडलेले, हेल्मेटमध्ये चष्मा. सगळं मिळून दीड वीत जागा. माझा पसारा बघून त्या म्हणाल्या, "जे वापरणार नाही ते पिशवीत घाला. पाण्यातून बाहेर आल्यावर डोकं चालत नाही, हात जे दिसेल ते उचलतात." मग मार्ग दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या बोयांकडे बघून म्हणाल्या, "पहिल्या बोयापर्यंत पोहू नका. फक्त श्वास मोजा." तेव्हा हे मला नीटसं कळलं नाही.

पाणी 20 अंशांचं होतं, म्हणजे वेटसूट, पोहण्याचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, चालणार होता. ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे हौशी वयोगटाला दीड किलोमीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी 22 अंश किंवा त्याहून गरम असेल तर वेटसूट घालता येत नाही, आणि 16 च्या खाली गेलं तर तो सक्तीचा होतो. मोजमाप स्पर्धेच्या सकाळी होतं, म्हणून सराव दोन्ही प्रकारे करून ठेवा. वेटसूट पाय वर उचलून धरतो, पोहणं सोपं करतो, पण गळ्याशी आवळतो. पूर्वी कधी घातला नसेल तर तो आवळपणाच भीतीची ठिणगी ठरू शकतो. मानेवर आणि काखेत वंगण लावा, नाहीतर दीड किलोमीटरमध्ये कातडी सोलून निघते. आणि गॉगलची पट्टी टोपीच्या आत घ्या. ही एवढीशी गोष्ट माझ्या किती कामी आली ते पुढे येतंच.

भोंगा वाजला. पहिले पन्नास मीटर मी झक्क गेले. मग तोंड पाण्यात होतं आणि श्वास सुटेना. समोर पूलची निळी रेघ नाही, हिरवट अंधार. डावीकडून कुणाचा तरी हात खांद्यावर, उजवीकडून पोटरीवर, आणि पुढच्याची टाच थेट डाव्या डोळ्यावर. गॉगल सरकला, पट्टी टोपीखाली होती म्हणून हरवला नाही. छाती आवळल्यासारखी झाली. गार पाण्यात चेहरा गेल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो, त्यात धडधड आणि गर्दी, की माणूस श्वास घेतच राहतो, सोडत नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा हवा कमी पडल्याने नाही, आतली हवा बाहेर न सोडल्याने.

मी पाठीवर झाले. गॉगल नीट केला. आणि मोजायला लागले: पाण्यात लांब फुंकर, एक. पुन्हा फुंकर, दोन. ब्रेस्टस्ट्रोकवर आले, डोकं बाहेर. चाळीसपर्यंत मोजलं तेव्हा खांदे सैल झाले, साठच्या आसपास फ्रीस्टाइल परत आलं. पिवळा बोया आला तेव्हा आकडा दोनशेच्या वर होता आणि मला पोहता येत होतं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरू नका. त्याआधी निदान पाच-सहा वेळा तळ्यात किंवा समुद्रात पोहा, आणि कधीच एकटे नाही. सोबत कुणीतरी हवं आणि कमरेला रंगीत फुगा हवा. दोनदा तरी मित्रमैत्रिणींना मुद्दाम अंगाला खेटून पोहायला सांगा. भोंग्याआधी मुभा असेल तर पाण्यात जाऊन चेहरा बुडवून फुंकरा मारा, म्हणजे तो पहिला झटका घड्याळ सुरू होण्याआधीच येऊन जातो. गर्दीत मध्यभागी उभं राहू नका. कडेला किंवा मागे राहिलात तर अर्धं मिनिट जातं, पण श्वास राहतो. आणि एक गोष्ट जी मला आधी कुणी सांगितली असती तर मी आदल्या रात्री झोपले असते: सुरक्षेच्या कायाकला धरून थांबायची परवानगी असते. त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, एवढंच. दम घ्या, निघा. कुणी तुम्हाला बाद करत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा श्वास बसतच नसेल तर मात्र हात वर करा आणि बाहेर या.

दिशेबद्दल थोडं. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून बोया बघायचा आणि तोंड पुन्हा खाली. बोया लहान आणि लाटेत लपणारा असतो, म्हणून आदल्या दिवशी काठावर उभं राहून त्याच्या मागचं एखादं उंच झाड किंवा खांब हेरून ठेवा. माझ्या घड्याळात पोहणं 1,640 मीटर भरलं. ते जास्तीचे 140 मीटर मीच वाकडंतिकडं जाऊन कमावले.

39 मिनिटांनी बाहेर आले आणि उभी राहताच काठ हलला. आडवं अंग एकदम उभं झाल्यावर असं होतं. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय जोरात मारले की थोडं कमी होतं, आणि बाहेर आल्यावर पहिली दहा पावलं चालायचीच. चालता चालता वेटसूट कमरेपर्यंत खाली.

आणि मग हेल्मेटचं बकल. बोटं गार, ओली, लिबलिबीत. दोन प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत घालायचे, रोज डोळे मिटून करते ते काम, आणि ते होईना. एकदा हनुवटीची कातडी चिमटीत आली. चौथ्या खेपेला 'टक' असा आवाज आला. ट्रान्झिशनमधला सगळ्यात कडक नियम हाच आहे: सायकलला हात लावण्याआधी बकल बंद, आणि परत आल्यावर सायकल रॅकला लागल्यानंतरच उघडायचं. आमच्या रांगेतल्या एकाने परतल्यावर चालता चालता बकल उघडलं, तर मार्शलने शिट्टी मारून त्याला तिथेच उभं केलं. घरी बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून बकल लावायचा सराव करा, खरंच करा. ओल्या पायांवर मोजे चढवायचे असतील तर ते आधीच टाचेपर्यंत गुंडाळून ठेवा. माझं टी-वन, म्हणजे पोहण्यातून सायकलवर जाण्याचा पहिला सांधा, 4 मिनिटांचं झालं, त्यातलं एक मिनिट मोज्यांचं. सायकल ढकलत माउंट लाइनच्या, म्हणजे सायकलवर बसायच्या जागेच्या रेघेच्या, पुढे पाऊल टाकूनच बसायचं, आणि रॅकवर ठेवताना गिअर हलका ठेवायचा.

सायकलचं फार सांगत नाही, कारण तिथे मला काही नवं कळलं नाही. हौशी स्पर्धांत बहुतेक वेळा ड्राफ्टिंगला, म्हणजे वारा टाळायला पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवण्याला, बंदी असते. ऑलिंपिकमध्ये खेळाडू घोळक्याने चाललेले दिसतात ते तिथे चालतं म्हणून. आमच्याकडे पुढच्याच्या चाकापासून 10 मीटर अंतर ठेवायचं होतं, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर 20 सेकंदांत पुढे निघायचं. आकडे स्पर्धेनुसार बदलतात, माहितीपत्रक आदल्या रात्री पुन्हा वाचा. नंबर सायकल चालवताना पाठीला आणि धावताना पोटाला हवा असतो, म्हणून तो टाचण्यांनी न लावता कमरेच्या पट्ट्यावर लावा, फिरवता येतो. पहिली दहा मिनिटं पोटाला काही देऊ नका, गिळलेलं पाणी आणि धडधड खाली बसू दे. नंतर दर पंधरा मिनिटांनी घोट. तीन-साडेतीन तासांच्या स्पर्धेला तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पुरतात, आणि ती सरावात पोटाला सोसलेलीच हवीत. खाणं सायकलवरच उरका, धावताना जात नाही.

खरी सायकलची चूक शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये होते. पाय चांगले वाटतात, वारा पाठीशी असतो, आणि आपण जोर लावतो. मी लावला. 1 तास 31 मिनिटांत आले, ठरवलं होतं त्यापेक्षा चार मिनिटं आधी, आणि त्या चार मिनिटांची वसुली पुढे झाली. तुम्ही शेवटचे दोन किलोमीटर गिअर हलका करून पाय भरभर फिरवा, आणि जमलं तर पेडलवर उभं राहून कंबर आणि पोटऱ्या ताणून घ्या.

टी-टू, सायकल ते धावणं हा दुसरा सांधा, अडीच मिनिटांत. मग धावणं. सायकलवरून उतरून धावलेला माणूसच सांगू शकेल हे कसं असतं: मांड्या आपल्या नसतात. पाय जमिनीवर पडतात, पण दुसऱ्याच कुणाचे तरी. आणि यात एक फसवणूक असते. तासाला 26 किलोमीटरच्या वेगाला डोळे सरावलेले असतात, म्हणून धावणं संथ वाटतं आणि आपण वेग वाढवतो. मला वाटत होतं मी रखडतेय, घड्याळ सांगत होतं 6 मिनिटं 5 सेकंदांचा किलोमीटर. ठरवलं होतं 6:45. चौथ्या किलोमीटरला कुशीत कळ आली आणि मला चालावं लागलं. सुटका झाली ती श्वास लांब सोडत, बरगडीखाली बोटं दाबत, एका पाणपॉइंटपासून पुढच्यापर्यंत फक्त जायचं असं ठरवत.

सायकलनंतर लगेच धावायचा जो सराव असतो त्याला ब्रिक म्हणतात. मी आठ महिन्यांत सहा ब्रिक केले. दर आठवड्याला एक हवा होता. लांब नको, सायकलनंतर वीस मिनिटं पुरे, आणि त्यातली पहिली दहा मुद्दाम हळू. तेवढ्यात पाय आपले होतात.

1974 च्या 25 सप्टेंबरला अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मिशन बे इथे 46 जण धावले, सायकल चालवली, पोहले, आणि आधुनिक ट्रायथलॉन सुरू झालं. त्यात पोहणं सलग नव्हतंच, धावण्याच्या अधूनमधून तुकड्या-तुकड्यांनी होतं. संध्याकाळची वेळ, आणि अंधार पडल्यावर गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात शेवटचे लोक पाण्याबाहेर आले. सातव्या किलोमीटरला मला ते आठवत होतं. त्यांना कुणी ब्रिक सांगितलेला नव्हता, आणि सांधे आमच्यापेक्षा जास्त होते.

धावणं 1 तास 7 मिनिटं, एकूण 3 तास 23 मिनिटं 30 सेकंद. शेवटच्या किलोमीटरला कळ गेली होती आणि मी खरोखर धावत होते.

संपल्यावर लगेच सायकल मिळत नाही. शेवटचा सायकलस्वार आत येईपर्यंत ट्रान्झिशन बंद असतं, म्हणून कोरडे कपडे, चप्पल आणि खाणं बाहेर कुणाकडे तरी देऊन ठेवा. घामेजल्या अंगाने तासभर वाऱ्यात उभं राहणं वाईट. चिप परत करा. सायकल घेताना त्यावरचा नंबर दंडावरच्या नंबराशी जुळवून बघतात, तो आधी पुसू नका.

शेजारच्या बाई माझ्या आधी आल्या होत्या. टॉवेल, बूट, हेल्मेट, सगळं एका पिशवीत. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मोजलेत का?"

"दोनशेच्या वर," मी म्हटलं.

"मी अजून मोजते," त्या म्हणाल्या आणि सायकल घेऊन निघाल्या.