पाण्यात राहून तापणं

चहूकडे थंडगार पाणी आणि मधोमध आपलं इंजिन तापून लाल. जुनी बोट दुरुस्त करायला घेतलेल्या माणसाला हा विनोद पुरेपूर कळतो, फक्त हसू येत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे खुद्द पाण्याशीच वाकडं!

असल्या इंजिनात बहुतेक वेळा दोन पाणी असतात. एक आतल्या आत फिरणारं, कूलंट घातलेलं. दुसरं बाहेरचं, खारं. बोटीच्या तळाच्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून, ते येतं, गाळणीतून पंपात आणि पंपातून हीट एक्स्चेंजरमध्ये जातं, आतल्या पाण्याची उष्णता घेतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या धुराबरोबर बाहेर पडतं. दोघांची गाठ कधी पडत नाही, मध्ये नळ्यांची पातळ भिंत. काही जुन्या इंजिनांत खारं पाणीच थेट आत खेळवतात. ती मुद्दाम थंड, साधारण 60 अंशांच्या आत ठेवतात, कारण चुन्याच्या क्षारांची तऱ्हाच उलटी आहे. पाणी तापलं की ते विरघळायचं सोडून धातूवर थर धरतात.

इंजिन तापतंय म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. पहिला ठरलेला : ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत आतल्या पाण्याची वाट अडवून धरणारी झडप. माझा याला ठाम विरोध आहे. तो काढला की इंजिन गार राहतं आणि डिझेल नीट जळत नाही. शिवाय काही इंजिनांत पाणी एक्स्चेंजरला वळसा घालून तसंच परत येतं आणि ताप उलट वाढतो. त्यापेक्षा थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि खाली गॅस लावावा. अंगावर 82 कोरलं असेल, तर त्या सुमाराला तो हळूच तोंड उघडायला लागतो. हे बघत बसायला मला मनापासून आवडतं. (घरातलं पातेलं वापरू नये. का, ते सांगत नाही.) गरम इंजिनाच्या कूलंटचं झाकण मात्र चुकूनही उघडायचं नाही. दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं पाणी झाकण सुटताच उकळून तोंडावर येतं.

खरी गंमत इम्पेलरची. पंपातलं हे रबरी चाक, त्याला वाकणारी पाती. पाणीच त्याचं वंगण, त्यामुळे कॉक बंद ठेवून इंजिन चालवलं की पाती बघता बघता करपतात. पंप उघडावा तर दोन पाती मुळापासून गायब. नवीन इम्पेलर बसवून हात झटकणारे पुष्कळ; पण गेलेली पाती गेली कुठे? ती पुढे वाहत जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी, नळ्यांवर आडवी बसलेली असतात. चिमट्याने ओढून काढली की काळा, लिबलिबीत तुकडा हाती येतो. एवढ्याशा रबराने सगळ्या इंजिनाला वेठीला धरलेलं असतं.

एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर आणि पाणी एकत्र होतात तो वाकडा पाइप, हाही असाच लबाड. वरून रंग चकचकीत, आत काजळी आणि क्षार साचून बोटभर वाट उरलेली. मागून पाण्याचे ठसके कमी आणि पांढरी वाफ जास्त येऊ लागली, तर आधी तो उघडून बघावा.

काही दुखणी धक्क्याला बांधलेल्या बोटीत दिसतच नाहीत. जुन्या होज पाइपचं आतलं अस्तर सुटलेलं असतं. संथ चालीत पाणी व्यवस्थित येतं, वेग वाढवला की ओढीने अस्तर आत चिकटतं आणि वाट बंद. बाहेरून पाइप कसा, अगदी सज्जन!

आणि कधी कधी पंप, पाइप, एक्स्चेंजर सगळं स्वच्छ असतं, तरी पूर्ण वेगात तापमानाचा काटा चढतोच. तेव्हा पाने-पक्कड खाली ठेवून तळ बघावा. बोट ढकलणाऱ्या पंख्यावर आणि तळाला शिंपले, शेवाळ यांची वस्ती झालेली असते आणि तो सगळा संसार ओढताना इंजिनाचा जीव मेटाकुटीला येतो. मग बोट वर ओढायची, खरवडणी घ्यायची आणि उताणं पडून तळ खरवडत बसायचं. इंजिनाकडे त्या दिवशी बघायचंसुद्धा नाही.