घरात कुणी बहिरं नाही, मग हे कुठून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाळ जन्मतः बहिरं निघालं की आमच्या श्रवणतपासणीच्या खोलीत हा प्रश्न बहुतेक आजीच विचारतात, आणि विचारताना नजर सुनेकडे असते. म्हणून आधी तेवढंच: ग्रहणात सुरी धरल्याने बाळ बहिरं होत नाही. गरोदरपणी रुबेला किंवा सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यास होऊ शकतं. ते आम्ही विचारून घेतोच.

सिटी स्कॅन पाहून घरचे आणखी बुचकळ्यात पडतात. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला शंखासारखा भाग; त्याचे अडीच वेढे जिथल्या तिथे असतात. १७९१ मध्ये मोंदिनी या इटालियन वैद्याने जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानात दीडच वेढा असल्याचं दाखवलं होतं, पण हाडाच्या रचनेतच दोष असलेली मुलं थोडी. बाकीच्यांचा बिघाड स्कॅनला दिसतच नाही.

कॉक्लियातल्या केसपेशींचे शेंडे पोटॅशियमने भरलेल्या द्रवात असतात. आवाजाने ते झुकले की पोटॅशियम पेशीत शिरतं आणि नसेला संदेश जातो. पण आत आलेलं पोटॅशियम बाहेर काढून पुन्हा त्या द्रवात पोचवायला हवं. शेजारच्या आधारपेशी ते हातोहात पुढे सरकवतात, आणि त्यांच्यामधल्या बारीक वाटा कनेक्सिन-२६ नावाच्या प्रथिनाच्या बनलेल्या असतात. हे प्रथिन बनवणारं जीजेबी२ जनुक बिघडलं की सगळा कारभार कोलमडतो. जन्मतः बहिरेपणाचं हे एक मोठं कारण.

जनुकाच्या प्रती दोन, एक आईची, एक बापाची. एक धड असली तरी ऐकू येतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या पत्ता लागत नाही. दोघांकडेही एकेक सदोष प्रत असली, तर प्रत्येक बाळाला धोका चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

‘पण थाळी वाजवली की वळतो की!’ वळणारच. जमिनीचा हादरा कळतो, वाजवणाऱ्याची सावली दिसते. म्हणून आम्ही त्यावर विसंबत नाही, बेरा तपासणी करतो: आवाजाला नस आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद त्यात टिपतात. हालचालीने नोंद बिघडते, म्हणून ती बाळ झोपल्यावर करतात.

जीजेबी२च्या या प्रकारात नस सहसा शाबूत असते, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे नसेला थेट संदेश देणारं कानात बसवलेलं यंत्र, चांगलं लागू पडतं, मात्र लहानपणीच बसवलं तर. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकतपासणी करून घ्या. त्यासाठी रक्त दोघांचंही लागतं.