हे-ऑन-वायच्या साहित्य महोत्सवाला जायचंय? आधी खोली बघा

भिलारला पुस्तकांचं गाव करताना ज्या गावाचा आदर्श समोर होता, ते वेल्समधलं हे-ऑन-वाय. वस्ती जेमतेम दोन हजारांची, इंग्लंडची हद्द गावाला खेटून. तिथे १९८८ पासून दर वर्षी मेअखेरीस ‘हे फेस्टिव्हल’ भरतो. कोणते लेखक येणार याची चौकशी सगळे करतात. रात्री झोपायचं कुठे, हा खरा प्रश्न.

त्रांगडं असं, की ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीच करता येतो, त्याहून लवकर नाही. निकालाला साधारण तीन आठवडे. म्हणजे फेब्रुवारी सरत येईपर्यंत हातावर हात. गावातल्या खोल्या तोवर कधीच गेलेल्या असतात. त्यामुळे मी हेरफर्डला, पैसे न कापता रद्द करता येईल अशी खोली आधीच धरून ठेवली आणि विमानाचं तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढलं. हेरफर्ड तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून तिथे थेट गाडी जाते, तीनेक तासांत. पुढे बस, कारण हे-ऑन-वायची रेल्वे १९६० च्या दशकातच बंद पडली.

आपल्या साहित्य संमेलनात मांडवात शिरायचं आणि मिळेल ती खुर्ची पकडायची. इथे मैदानात फुकट फिरा, पण व्याख्यानाला बसायचं तर बहुतेक ठिकाणी वेगळं तिकीट. सदस्यांना ती आधी मिळतात, त्यामुळे बड्या नावांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, असं माझं मत झालं. कधी नाव न ऐकलेल्या एका इतिहास संशोधकाला ऐकायला गेलो, तो तास सगळ्यात रंगला. कार्यक्रम तंबूत होतात. पाऊस आला की डोक्यावर ताशा वाजायला लागतो, वक्ता हसून दोन क्षण थांबतो, कोणी जागचं हलत नाही.

सहीच्या रांगेतली एक गोष्ट आपल्याकडे उचलण्यासारखी. रांगेतच मदतनीस बाई चिठ्ठीवर तुमचं नाव नीट लिहून पुस्तकाच्या पानावर चिकटवतात. लेखकाला स्पेलिंग विचारावं लागत नाही, रांग सरकत राहते. माझं आडनाव लिहिताना मात्र त्यांनी दोनदा पेन उचललं.

एक अख्खी दुपार गावासाठी ठेवा. रिचर्ड बूथ या गृहस्थाने इथे जुन्या पुस्तकांचा धंदा रुजवला आणि १ एप्रिल १९७७ रोजी हे-ऑन-वाय स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं. तारीख बघूनच काय ते समजा! पण त्या थट्टेने गावाचं नाव जगभर झालं. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची कपाटं आहेत, दुकानदार नाही. पुस्तक घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे. मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून खालचे कप्पे धुंडाळले. वरच्यांपेक्षा तिथे चांगला माल निघाला.

रात्रीच्या कार्यक्रमाचं तिकीट काढण्याआधी परतीची बस आहे ना, ते बघा. टॅक्सी ऐन वेळी मिळणं कठीण, आणि मिळाली तर पुस्तकांसाठी राखलेले पैसे तिच्यातच जातात.